एक्केचाळीस घरांतला श्वास

४ मार्च, सोमवार

बाबा किती वाजता गेले?

दादानं आज तिसऱ्यांदा विचारलं. मला सांगता येत नाही. खरं तर हे नक्की माहीत असायला हवं असं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे मी. त्यांच्या खोलीतल्या कपाटावर मी माझ्या हातानं बसवलेली पेटी आहे – श्वास मोजणारी. पेटीचं म्हणणं, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत बाबा श्वास घेत होते. मिनिटाला चौदा. सहा दहाला दादानं तिची वायर उपटली म्हणून ती थांबली. नाहीतर अजून मोजत बसली असती.

डॉक्टर म्हणाले, गेले ते सकाळीच. दहा ते बाराच्या दरम्यान.

५ मार्च

नीट लिहून काढते. डोक्यात ठेवलं तर सडेल.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई बाबांची पक्कड परत द्यायला वर आल्या. दार वाजवलं, आवाज नाही. त्यांच्याकडे किल्ली असते. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. एका पायात बूट, दुसरा हातात. पडले नाहीत, लवंडले नाहीत – नुसते बसलेले. पडले असते तर पेटी बोंबलली असती. पडण्याचं तिला कळतं. बसण्याचं काय कळणार!

नर्सबाईंनी आधी दादाला फोन केला, मग मला. मी ऑफिसात होते. त्या ‘लवकर ये’ म्हणत होत्या आणि माझ्यासमोर पडद्यावर बाबांच्या घराचा ठिपका हिरवा होता. मी त्यांना म्हटलं, “पण ते ठीक आहेत हो, मला दिसतंय इथं.”

हे वाक्य मी बोलले आहे. ते आता कुणीच परत घेऊ शकत नाही.

६ मार्च

दुसरा बूट दादानं घातला त्यांच्या पायात. गाठ मारता येईना त्याला. चाळीशीचा माणूस, टायरच्या दुकानात ट्रकची चाकं उचलतो, आणि नाडीची गाठ येईना.

७ मार्च

चोंबडा. बाबा पेटीला चोंबडा म्हणायचे. “आज आमच्या चोंबड्यानं काय चहाडी केली?”

मागच्या वर्षी ती बसवायला गेले तेव्हा पहिली अट – कॅमेरा नको. “म्हातारा माणूस घरात कसाही बसतो.” मी समजावलं, बाबा, ह्यात चित्रच नाही. नुसत्या लहरी, मोबाईलला लागतात तशाच. खोलीभर पसरतात, तुमच्या छातीवर आपटून परत येतात. छाती केसभर हलली तरी पेटीला कळतं. उद्या मोबाईलची नवी जाळी येतील, तेव्हा प्रत्येक घरातल्या प्रत्येक यंत्राला हे जमणार आहे. आम्ही ते आधीच म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगी आणतोय.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आणि त्या लहरी भिंतीपाशी थांबतात का तुझं ऐकून?”

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आठवी पास. आमच्या टीमला जो प्रश्न पडायला वर्ष लागलं तो ह्यांना स्टुलावरून पेटी न्याहाळताना पडला. भिंतीबाहेर कुणी स्वस्तातलं यंत्र घेऊन उभा राहिला, तर त्यालाही त्याच लहरी मिळतात. घरात कोणी आहे का, किती जण, जागे की झोपलेले – सगळं. आजारी, एकटा म्हातारा कुठं राहतो, हे शोधायला दार वाजवायचीही गरज नाही.

त्यांच्या त्या प्रश्नावरच मी पुढचं वर्ष घालवलं. त्यांना वाचवायचं होतं ना चोरांपासून.

८ मार्च, शुक्रवार

कामावर गेले. सगळे हळू आवाजात बोलत होते. गोगलगाय – आमचा तपासनीस, एकेक गोष्ट चार-चारदा तपासतो म्हणून हे नाव – त्यानं न विचारता माझ्या टेबलावर चहा ठेवला.

पेटीतला मूळ साठा चौदा दिवस राहतो, मग आपोआप पुसला जातो. म्हणजे माझ्याकडे पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ आहे. आज उतरवून घेतला. उघडला नाही.

९ मार्च

पेटी यायच्या आधी मी रोज दुपारी एकला फोन करायचे. जेवलात का. गोळी घेतली का. बाबांचं उत्तर ठरलेलं – “जेवलो. गोळी मला घेऊन बसलीये.” दोन मिनिटांचा फोन. मला कधी कधी कंटाळा यायचा, हे इथं लिहायलाच हवं.

पेटी आली आणि फोन आठवड्यातून दोनदावर आला. हिरवा ठिपका दिसायचा ना. एकदा बाबा म्हणाले, “चोंबडा आल्यापासून तुझा फोन नाही. त्यालाच विचारतेस वाटतं सगळं?” मी हसले.

त्या शुक्रवारी एक वाजता मी ठिपक्याकडे बघितलं. मिनिटाला चौदा, संथ. गोगलगायीला म्हटलं, बाबा आज लवकर आडवे झालेत. आणि डबा उघडला.

११ मार्च, सोमवार

उघडला साठा.

एक रेघ असते, वर-खाली जाणारी. वर म्हणजे श्वास आत, खाली म्हणजे बाहेर. बारा वाजल्यानंतरची रेघ बघत होते – बाबा तर तेव्हा नव्हतेच – मग हा श्वास कुणाचा? पंखा? शेजारचं कोणी? नीट बघितलं. प्रत्येक वेळी रेघ वर जाते, टोकाच्या जरा आधी क्षणभर अडते, मग पूर्ण होते.

मला लहानपणापासून तशी खोड आहे. मी झोपले की बाबा बघत बसायचे म्हणे. आईला सांगायचे, “ही पोरगी श्वास घेताना मजल्याच्या जरा आधी अडखळते, जुन्या लिफ्टसारखी. तेल घालायला हवं.”

तो माझा श्वास आहे.

१२ मार्च

बाबांच्या खोलीत, त्यांच्या शेजारी, मी.

१३ मार्च

कसं झालं ते आता कळलंय. गोगलगायीनं चारदा तपासलं. पाचव्यांदा मीच नको म्हटलं.

बाहेरच्यानं भिंतीतून कान लावू नये म्हणून आम्ही तोतया केला. पेटी खोलीच्या एका मोकळ्या कोपऱ्यात लहरींचा एक खोटा माणूस उभा करते. तो श्वास घेतो, कूस बदलतो. बाहेरच्याला कळत नाही घरात एक आहे की दोन, खरा कुठला, खोटा कुठला. पेटीला मात्र गुप्त क्रम ठाऊक असतो, तिच्या घड्याळाबरहुकूम बदलणारा. त्या क्रमानं ती तोतयाला वजा करते आणि उरलेल्या खऱ्या माणसाचा श्वास मोजते. कल्पना माझी. ह्यासाठी कंपनीनं मला नाव कोरलेली फळी बक्षीस दिली होती, ती बाबांनी दाराच्या आतल्या बाजूला लावली होती – बाहेर लावली तर कोणी नेईल म्हणून.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊला त्यांच्या भागातली वीज गेली, पाच मिनिटांत आली. पेटी परत सुरू झाली, पण घड्याळ काही सेकंद मागे राहिलं. क्रम चुकला. तोतया वजा झालाच नाही. आता पेटीला दोघं दिसायला लागले – बाबा आणि मी. पण आम्ही तिला शिकवलं होतं की हा माणूस एकटा राहतो, दोन दिसले तर एक सोडून दे. तिनं एक सोडून दिला – बाबा. पुढे बाबांचा श्वास थांबला तेव्हा तिच्याकडे मोजायला एक होताच.

आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सगळे चोराचा विचार करत होतो.

आणि बाबांनी मला दहादा सांगितलं असेल – लिफ्टचा दोर तुटला तर पाळणा धरणारी जी पकड असते ना, ती कधीही त्याच दोरावर टांगायची नाही. आम्ही तोतया आणि मोजणी, दोन्ही एकाच घड्याळावर टांगली.

१४ मार्च

तोतयाला श्वास कुणाचा द्यायचा, हा तेव्हा प्रश्न होता. यंत्रानं बनवलेला श्वास फार सारखा येतो, बाहेरचा हुशार असेल तर ओळखतो. खऱ्या माणसाचा हवा. मी हट्ट धरला की परवानगीशिवाय कुणाचा घ्यायचा नाही. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी चार पानी संमतीपत्र लिहिलं होतं. श्वास देणाऱ्याला तो कधीही, कारण विचारले न जाता मागे घेता येईल. चोवीस तासांत सगळ्या पेट्यांतून काढावा लागेल. ज्या घरांत वापरला त्या प्रत्येक घराला तसं कळवावं लागेल, आणि देणाऱ्याला काही सांगायचं असेल तर त्याच्याच शब्दांत. घरात पहिलीच शिकलेली मी, कागदावर माझा फार विश्वास. सगळे हसले होते. गोगलगाय म्हणाला, “श्वास सोडतात गं. मागे कोण घेतो?”

मग चार पानं वाचून सही करायला कुणी मिळेना. मीच केली. दोन दुपारी चाचणीच्या खोलीत कॉटवर पडून श्वास घेतला. सोपं काम. झोपही लागली.

बाबांचं घर पहिलं. तशी आता एक्केचाळीस घरं आहेत. एक्केचाळीस एकट्या म्हाताऱ्यांच्या कोपऱ्यात मी उभी आहे.

१५ मार्च, शुक्रवार

मॅडमकडे गेले. आमच्या विभागप्रमुख. मला ही नोकरी त्यांनी दिली. बाबा गेले त्या संध्याकाळी चार जिने चढून आल्या, जमिनीवर बसल्या, दादाला पाणी दिलं. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला हात होत नाही.

सगळं ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, दुरुस्ती करू, तीन आठवडे लागतील. तोवर घरांना कळवायचं नाही. सत्तावीस तारखेला दोन हजार घरांचा करार आहे. तोतया काढला तर सुरक्षेचा दाखला जातो, दाखला गेला की करार गेला, आणि मग ह्या एक्केचाळीस पेट्यासुद्धा कोण सांभाळणार? ह्याच पेट्यांमुळे जानेवारीत एक आजी पडल्यावर दहा मिनिटांत उचलली गेली – ते विसरू नकोस.

विसरले नाही. ती आजी मला फोनवर म्हणाली होती, “तुझ्या पेटीला आयुष्य लाभो.”

मी विचारलं, तीन आठवड्यांत कुठं वीज गेली तर?

“तुझं दुःख ताजं आहे,” मॅडम म्हणाल्या. “थोडे दिवस घरी राहा.”

१६ मार्च

साठा पुसायची मुदत काल संपली. माझ्याकडची प्रत आहे. उरलेलं एक काम मी मुद्दाम टाळत होते. सोमवारपासून.

घड्याळ सुधारून दिलं की तोतया अजूनही वजा करता येतो. माझा श्वास काढून टाकला की मागे बाबा उरतात.

१७ मार्च, रविवार

काढला.

दहा वाजून बत्तीस मिनिटांपर्यंत सगळं नेहमीसारखं. मिनिटाला सोळा – मी विसरले होते, ते माझ्यापेक्षा भराभर घ्यायचे. मग अठ्ठावीस. मग चौतीस. मग मोठमोठे आणि लांब लांब. दहा त्रेचाळीसला शेवटचा.

अकरा मिनिटं.

नर्सबाई एका मजल्यावर खाली होत्या. त्यांना वर यायला गुडघे धरून दोन मिनिटं लागतात, मी मोजलंय. पेटीनं त्यांचा फोन वाजवायला हवा होता दहा तेहतीसला. तेवढ्यासाठीच तर होती ती. वाचले असते का? डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, तसं कुणी सांगू शकत नाही.

म्हणजे दादाच्या प्रश्नाला आता उत्तर आहे. त्या उत्तराच्या पोटातून दुसरा प्रश्न निघाला.

१८ मार्च

दादा लोकांना सांगतो, “बसल्या जागी गेले. त्यांनाही कळलं नसेल.” दिवसातून चार जणांना सांगतो. त्यावर उभा आहे तो.

दहावीनंतर त्यानं शाळा सोडली तेव्हा म्हणाला होता, मला कंटाळा आला पुस्तकांचा. मी तेव्हा खरं मानलं. मोठी झाल्यावर कळलं की दोघांच्या फीचे पैसे घरात नव्हते. मला दिलेलं त्यानं कधी मोजून दाखवलं नाही.

आणि मी त्याला हे सांगू? न सांगू?

१९ मार्च, मंगळवार

सांगितलं.

बाबांची खोली आवरायला गेलो होतो. तो हत्यारांची पिशवी लावत होता. मी दारातल्या बक्षिसाच्या फळीखाली उभी राहून सगळं सांगितलं – घड्याळ, तोतया, माझा श्वास, अकरा मिनिटं. तो नट आवळायचे पाने एकेक करून कापडात गुंडाळत राहिला. लहान, मग मोठा, मग त्याहून मोठा.

मला वाटलं ओरडेल. ओरडावं असंही वाटत होतं.

शेवटी म्हणाला, “अजून किती घरं?”

“चाळीस. आपलं धरून एक्केचाळीस. आपल्या पेटीची वायर जोडून गोगलगायीनं तपासणीसाठी ती परत लावलीये यादीत.”

“त्यांना सांगितलंस?”

मी मान हलवली. नाही.

तो पिशवीत हात घालून काहीतरी शोधत राहिला. बाबांची लाकडी पाटी काढली – दोन्ही बाजूंनी काळी, पांढऱ्या अक्षरांत ‘लिफ्ट बंद आहे’. दोरी कितीदा बदललेली. कुठल्याही इमारतीत एक लिफ्ट अडकली की बाबा आधी त्या जातीच्या बाकी सगळ्या लिफ्टवर पाट्या लावून यायचे, लोकांच्या शिव्या खात, आणि मग बिघाड शोधायला बसायचे. मालक म्हणायचे, बाकीच्या चालू आहेत की! बाबा म्हणायचे, ही पण चालूच होती.

दादानं पाटी माझ्या हातात दिली.

“हे तुझ्याकडे राहू दे,” एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला. जिन्यात त्याचा श्वास मोठमोठ्यानं ऐकू येत होता. बराच वेळ तो खाली उतरलाच नाही.

२० मार्च

मॅडमना पुन्हा भेटले. ह्या वेळी त्यांनी समोर कागद ठेवला – ह्या प्रकरणाबद्दल बाहेर काही बोलणार नाही असा. सही केली तर पगारवाढ नाही, न केली तर धमकी नाही, काही नाही. नुसतं “घरातल्यासारखं” राहायचं. त्यांचे डोळे लाल होते. त्या झोपल्या नसाव्यात.

मी म्हटलं, तोतया काढला तर काय होईल? पेटी खरं मोजेल. फक्त दुरुस्ती होईपर्यंत भिंत उघडी राहील.

“चोराला कळेल आत माणूस आहे,” त्या म्हणाल्या.

“कळू दे. आधी घरच्यांना कळू दे, आत माणूस आहे की नाही.”

कागद घेऊन आले घरी. वाचते म्हटलं. वाचला. माझ्या जुन्या चार पानांशी ताडून दोनदा वाचला. ह्यात बाहेर न बोलण्याबद्दल बरंच आहे. श्वासाबद्दल काहीच नाही. चार पानांत त्याबद्दल सगळं आहे, आणि खाली मॅडमची सही आहे. ती चार पानं कुणी पूर्ण वाचलीच नव्हती. माझ्याशिवाय.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी नऊला माझी संमती मागे घेतली. गोगलगायीनं अर्ज चारदा वाचला, शिक्का मारला आणि स्वतः एकेक पेटी उघडून मला बाहेर काढत गेला. दुपारी एकला शेवटची. एक्केचाळीस घरांना पत्रं गेली आहेत. ‘देणाऱ्याच्या शब्दांत’ ह्या रकान्यात मी लिहिलं – माझे वडील गेल्यावर साडेसात तास त्यांच्या खोलीत त्यांच्या जागी मी श्वास घेत होते. आज आपल्या माणसाला फोन करा.